ऊब पिशवीत नसते

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमचं घर पिंजाऱ्याचं. कुठे आम्हाला नदाफ म्हणतात, कुठे मन्सुरी. बार्शीत माझ्या लहानपणी सगळे नुसतं 'पिंजारी' म्हणायचे. दसरा झाला, की अब्बा खांद्यावर पिंजण टाकून गल्लोगल्ली फिरायचे. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य आणि त्याला ताणून बांधलेली आतड्याची तात. लाकडी ठोकळा तातेवर मारला, की ती घुमायची आणि तिला चिकटलेला कापूस मोकळा होऊन उडायचा. तो आवाज ऐकला, की बायका माळ्यावरच्या गाद्या-रजया काढून ओट्यावर आणून टाकायच्या. वर्षभर दबून दबून आतल्या कापसाचे गठ्ठे झालेले असायचे. अब्बा तो कापूस काढायचे, पिंजायचे, पुन्हा खोळीत भरायचे आणि टाके घालायचे. सकाळी भाकरीसारखी चपटी असलेली रजई संध्याकाळी वीतभर फुगलेली असायची.

एकदा एका आजीनं त्यांना विचारलं, "अरे, कापूस तोच, खोळ तीच. नवीन तर तू काहीच घातलं नाहीस. मग ही आता ऊबदार कशी झाली?" अब्बा हातातलं काम न थांबवता म्हणाले, "मावशी, कापूस कुठं गरम असतो? गरम माणूस असतो. कापूस नुसता त्याची ऊब धरून ठेवतो."

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. वाक्य कानावर पडलं आणि विसरलंही गेलं. ते पुन्हा आठवलं ते थेट पन्नाशीला टेकल्यावर, हिमालयात, नऊ हजार फुटांवरच्या एका तंबूत, मध्यरात्री. तेव्हा माझी मुलगी माझ्या शेजारी थंडीनं काकडत होती.

आज मी बोलणार आहे ते स्लीपिंग बॅगेविषयी. विषय ऐकून काही जण म्हणतील, कवीला याच्याशी काय करायचंय? पण हल्ली आपल्याकडची मुलंमुली डिसेंबर-जानेवारीत कळसूबाईला, हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जातात. थोडे पैसे जमले, की उत्तराखंड-हिमाचलात बर्फातले ट्रेक करतात. दुकानांत आणि ऑनलाइन स्लीपिंग बॅगांचा बाजार भरलेला असतो. प्रत्येकीवर एक आकडा असतो, अधिक पाच, शून्य, उणे दहा. आईबाप तो आकडा वाचतात आणि निर्धास्त होतात. मीही तसाच निर्धास्त झालो होतो.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तस्नीम, माझी मुलगी, तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं हट्ट धरला, की केदारकांठाला जायचं आणि अब्बांनीही यायचं. उत्तरकाशी जिल्ह्यात सांकरी नावाचं गाव आहे. देहरादूनहून मसुरी, पुरोला, मोरी असं करत दिवसभराच्या प्रवासानंतर तिथे पोहोचता येतं. तिथून चढत चढत साडेबारा हजार फुटांवरच्या केदारकांठा शिखरावर जायचं. डिसेंबर महिना होता. ट्रेक नेणाऱ्या मंडळींनी सांकरीला आमच्या हातात एकेक भाड्याची स्लीपिंग बॅग आणि एकेक कॅरीमॅट दिली. कॅरीमॅट म्हणजे फोमची पातळ गुंडाळी. बॅगेवर शिवलेल्या पट्टीवर ठसठशीत आकडा होता, उणे दहा.

तस्नीमनं विचारलं, "अब्बा, पुरेल ना हे?"

मी म्हणालो, "अगं, लिहिलंय ना त्यावर."

हे वाक्य मला अजून टोचतं. पिंजाऱ्याच्या पोरानं रजई हातात घेऊन दाबून बघायची असते, पट्टी वाचायची नसते.

पहिला मुक्काम 'जुडा का तालाब' या तळ्याकाठी होता. तळं गोठलेलं. झाडांमधल्या मोकळ्या जागेत, बर्फ तुडवून सपाट केलेल्या जमिनीवर आमचे तंबू. आभाळ इतकं स्वच्छ, की चांदण्या मोजाव्यात. स्वयंपाकाच्या तंबूबाहेर टांगलेला थर्मामीटर रात्री नऊला उणे सहा दाखवत होता. मी मनात हिशेब केला, बॅग उणे दहाची, थंडी उणे सहाची, म्हणजे चार अंश हातचे राहिले. आम्ही झोपलो.

एकच्या सुमाराला तस्नीमनं मला हलवलं. तिच्या दातांवर दात वाजत होते. मी म्हणालो, "तोंड आत घे, डोक्यावरून ओढून घे." तिनं तसं केलं. अर्ध्या तासानं पुन्हा हाक मारली, पण आता शब्द जड येत होते, जीभ लडखडल्यासारखी. बॅगेची चेन तिला उघडता येईना, बोटंच चालत नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. मी ओरडून आमच्या लीडरला उठवलं. तो तिथलाच, डोंगरातल्या गावचा, पंचविशीतला मुलगा.

त्यानं आल्याबरोबर पहिली गोष्ट काय केली असेल? तिच्या अंगावर काही घातलं नाही. त्यानं हात तिच्या पाठीखाली सरकवला. "अंकल, ठंड नीचे से आ रही है," तो म्हणाला.

मग भराभर कामं झाली. त्यानं दोन जादा मॅट आणून एकावर एक तिच्याखाली घातल्या, सॅक रिकाम्या करून त्या पायांखाली पसरल्या. दिवसभर घामानं भिजलेले मोजे आणि आतला सुती टी-शर्ट बदलायला लावला. तिच्यासोबतच्या मुलींनी तिला कोरडे कपडे घातले, कानटोपी चढवली. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यांत गुंडाळून काखेत आणि छातीशी दिल्या. ती शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून गोड गरम चहा पाजला, चिक्की खायला दिली. तासाभरात तिची जीभ सुटली, दोन तासांनी ती झोपली. मी मात्र उजाडेपर्यंत तिच्या श्वासाकडे कान लावून बसलो होतो. सकाळी लीडरनं सांगितलं, पुढे जायचं नाही. आम्ही दोघं सांकरीला उतरलो. शिखर राहिलं. त्याचं मला आजपर्यंत एकदाही वाईट वाटलेलं नाही.

परत आल्यावर मी ठरवलं, हे प्रकरण समजून घ्यायचं. मी बी. ए., तेही मराठी घेऊन. पण मित्रांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते, जुने ट्रेकर होते. त्यांना विचारत गेलो आणि गंमत अशी, की प्रत्येक उत्तराच्या तळाशी मला अब्बांचं तेच वाक्य सापडत गेलं.

सुरुवात इथून करू. स्लीपिंग बॅग गरम नसते. तिच्यात चूल नाही, शेगडी नाही. तिच्यात एकच शेगडी असते आणि ती म्हणजे तुम्ही. निवांत पडलेला प्रौढ माणूस साधारण ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. बॅगेचं काम एवढंच, की ही उष्णता सावकाश बाहेर जाऊ द्यायची. हे काम करते ती आतली हवा. हवा स्थिर असेल तर ती उष्णतेची फार वाईट वाहक असते. हललेली हवा मात्र उष्णता घेऊन पळते. म्हणून तिला लहान लहान कप्प्यांत कोंडायचं. कापूस, लोकर, पिसं, कृत्रिम तंतू, हे सगळे हवेला कोंडणारे पहारेकरी आहेत. ऊब जाडीवर ठरते, वजनावर नाही. पिंजलेला कापूस आणि दबलेला कापूस वजनाला सारखाच. फरक असतो तो आत कोंडलेल्या हवेचा. आजींच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं.

महागड्या बॅगांत बदकाची किंवा हंसाची पिसं असतात. वरची ताठ पिसं नव्हेत, छातीवरचा मऊ कापसासारखा पुंजका. त्याची प्रत मोजायची पद्धत ऐकून अब्बा खूश झाले असते. एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम पिसं घ्यायची आणि ती फुगून किती घन इंच जागा व्यापतात ते बघायचं. ६०० हा आकडा बरा, ८०० फार चांगला. ८०० घन इंच म्हणजे तेरा लिटर. मूठभर पिसांनी एक बादली भरते! अब्बाही कापूस विकत घेताना मुठीत दाबायचे आणि सोडून द्यायचे. तो किती वर येतो, त्यावर भाव ठरायचा.

आता त्या रात्रीची चूक बघा. बॅगेत आपण झोपलो, की वरचा भाग फुगलेला राहतो, पण पाठीखालचा भाग आपल्याच वजनानं चेपला जातो. हवा निघून जाते. खाली ऊब राखणारं काही उरतच नाही. म्हणजे कितीही भारी बॅग असली, तरी पाठीच्या बाजूला ती जवळजवळ चादरीएवढीच. आणि खाली काय आहे? बर्फ. ती जमीन रात्रभर तुमची उष्णता ओढून घेत राहते. म्हणून खालची मॅट ही बॅगेइतकीच महत्त्वाची. मॅटची ताकद सांगायला 'आर-व्हॅल्यू' नावाचा आकडा असतो. तो जितका मोठा, तितकी उष्णता कमी निसटते. अमेरिकेतल्या ए. एस. टी. एम. या मानक संस्थेनं २०१८ साली तो मोजायची एक ठरावीक पद्धत जाहीर केली. साध्या पातळ फोमच्या मॅटचा आकडा एक-दोनच्या आसपास असतो, बर्फावर झोपायचं तर चार-पाच किंवा त्याहून जास्त लागतो. सोय अशी, की दोन मॅट एकावर एक घातल्या तर आकड्यांची चक्क बेरीज होते. त्या लीडरनं ही बेरीजच केली होती.

आमच्या घरी शहाबादी फरशी होती. थंडीच्या दिवसांत अम्मी अंथरूण घालताना आधी पोतं, त्यावर जुनी वाकळ, त्यावर गादी असं करायची आणि पांघरायला एकच रजई द्यायची. आम्ही कुरकुर केली, की म्हणायची, "खाली दोन, वर एक." नऊ हजार फुटांवर मी हेही विसरलो होतो.

आता पट्टीवरच्या आकड्याकडे वळू. तो आकडा येतो कुठून? पूर्वी बनवणारे आपापल्या अंदाजानं लिहीत. युरोपात २००२ साली त्यासाठी ई. एन. १३५३७ हे मानक आलं. पुढे २०१६ साली त्याची जागा आय. एस. ओ. २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानं घेतली. चाचणी अशी करतात. माणसाच्या आकाराचा एक पुतळा असतो, आतून तापवलेला. त्याला लांब बाह्यांचे आतले कपडे आणि मोजे घालून बॅगेत घालतात, खाली मॅट असते आणि खोली थंड केलेली असते. पुतळ्याचं तापमान टिकवायला किती वीज लागते ते मोजतात आणि त्यावरून आकडे काढतात.

आकडे, एक नव्हे. खरी मेख इथे आहे. पहिला आकडा 'कम्फर्ट'. त्या तापमानाला एक सर्वसाधारण स्त्री आरामात, हातपाय सैल सोडून झोपू शकेल. दुसरा 'लिमिट'. त्या तापमानाला एक सर्वसाधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून, कसाबसा, पण हुडहुडी न भरता रात्र काढील. तिसरा 'एक्स्ट्रीम'. त्या तापमानाला एक सर्वसाधारण स्त्री सहा तास जीव वाचवू शकेल. इथे झोपेचा प्रश्नच नाही. अंग गारठेल, हिमदंशही होऊ शकेल, फक्त जीव जाऊ नये एवढीच अपेक्षा. एकाच बॅगेचा कम्फर्ट उणे १ असेल, तर लिमिट उणे ७ च्या आसपास आणि एक्स्ट्रीम उणे २४-२५ पर्यंत असू शकतो. आता सांगा, विकणारा मोठ्या अक्षरांत कुठला आकडा छापील?

आणि हे 'सर्वसाधारण' स्त्री-पुरुष कोण? मानकानं धरलेली स्त्री २५ वर्षांची, ६० किलो वजनाची. पुरुषही २५ वर्षांचाच. म्हणजे पन्नाशीतला मी त्यात नाही आणि पंचेचाळीस किलोची, दिवसभर चालून थकलेली, रात्री नीट न जेवलेली माझी मुलगीही त्यात नाही. स्त्रियांसाठी वेगळा आकडा का, असंही मला एकानं विचारलं होतं. स्नायू हे शरीरातले उष्णतेचे कारखाने. सरासरीनं स्त्रियांत ते कमी असतात, म्हणून निवांत असताना त्यांचं शरीर उष्णता कमी तयार करतं. त्यांचे हातपायही लवकर गार पडतात. वय वाढतं तसंही हे होतं. म्हणून मुलीसाठी, आईसाठी, म्हाताऱ्या वडिलांसाठी बॅग घेताना फक्त कम्फर्टचा आकडा बघावा आणि जिथे जायचंय तिथल्या थंडीपेक्षा आणखी पाच-सहा अंश हातचे धरावेत.

आमच्या बॅगेवर एकच आकडा होता, उणे दहा. तो कम्फर्ट होता की लिमिट, हे लिहिलेलं नव्हतं आणि कुठल्या मानकाचं नावही नव्हतं. आपण उदारपणे तो लिमिट धरू. मग कम्फर्ट उणे चारच्या आसपास आला. बॅग नवी असेल तर. ती भाड्याची, कित्येक मोसम लोकांच्या अंगाखाली दबलेली, लहानशा पिशवीत कोंबून ठेवलेली. अब्बांच्या भाषेत, पिंजायला आलेली. त्यात पातळ मॅट, ओले मोजे, उणे सहाची थंडी. माझे 'चार अंश हातचे' मुळात कधी नव्हतेच.

शिवाय ते उणे सहा तरी खरे होते का? थर्मामीटर माणसाच्या उंचीवर टांगलेला होता, आम्ही झोपलो होतो जमिनीवर. हवामान खात्याचं तापमानसुद्धा जमिनीपासून चार-पाच फुटांवर मोजतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आभाळात सोडून देते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी गार होते. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारानं वाहत जाऊन खोलगट जागी साचते. याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तेव्हा गावातला पारा बऱ्याचदा त्याहून कितीतरी वर असतो. तळ्याकाठचा तंबू फोटोत छान दिसतो, पण रात्र काढायला थोडी उंचावरची, झाडाखालची, आडोशाची जागा बरी. झाडाची छत्रीही जमिनीची उष्णता आभाळात जाऊ देत नाही.

माझी दुसरी चूक म्हणजे मी तिला तोंड आत घ्यायला सांगितलं. आपल्या श्वासात वाफ असते. ती बॅगेत शिरली, की थंड कापडाला लागून तिचं पाणी होतं आणि भरण ओलं होतं. पाणी स्थिर हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं. पिसं ओली झाली, की चिकटून बसतात, फुगत नाहीत. कृत्रिम भरण त्या मानानं तग धरतं. म्हणून डोकं, कान झाकायचे, बॅगेच्या टोपीची नाडी आवळायची, पण नाक-तोंड बाहेर ठेवायचं. चेहऱ्याला थंडी वाजली तर मफलर घ्यायचा.

आणि सुती कपडे. कापसावर वाढलेल्या माणसानं कापसाविरुद्ध बोलावं, हे मला जड जातं. पण बर्फात अंगालगत सुती कपडा नको. कापूस घाम पितो आणि सोडत नाही, रात्रभर ओला कपडा अंगाला चिकटून राहतो. अंगालगत लोकरीचा किंवा थर्मलचा कपडा हवा. लोकर थोडी ओलसर झाली, तरी तिच्या कुरळ्या धाग्यांत अडकलेली हवा टिकते. धनगर पावसाळ्यात घोंगडी पांघरून रानात उभा असतो, ते उगाच नाही. झोपताना कपड्यांचा एक कोरडा जोड निराळा ठेवायचा, तो दिवसा घालायचा नाही. बॅगेत जितके कमी कपडे तितकी ऊब जास्त, असं काही जण सांगतात. ते खरं नाही. कोरडे, सैल कपडे ऊब वाढवतातच. फक्त इतके घालू नयेत, की बॅग आतून ताणून तिचं भरण चेपलं जाईल.

शेगडीला लाकूडही लागतं. झोपण्यापूर्वी पोटभर जेवायचं. तूप, गूळ, शेंगदाणे असं सावकाश जळणारं काहीतरी पोटात असावं. बॅगेत शिरण्यापूर्वी जागच्या जागी पाच मिनिटं उठाबशा काढाव्यात, पण घाम येईल इतक्या नव्हे. गार अंगानं आत गेलात, तर बॅग तुमचा गारवाच सांभाळून ठेवील. लघवीला जाऊन यावं, म्हणजे मध्यरात्री चेन उघडून साठवलेली ऊब घालवावी लागत नाही. त्या रात्री एका सहप्रवाशानं भल्या मनानं रमची बाटली पुढे केली होती. मी नको म्हणालो ते धर्मानं, पण विज्ञानही नकोच म्हणतं. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, गरम वाटतं आणि आतली उष्णता मात्र बाहेर पळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हुडहुडी ही शरीराची शेवटची शेगडी आहे. स्नायू थरथरून ते नेहमीच्या कितीतरी पट उष्णता तयार करतात. माणूस थरथरतोय, बोलतोय, चिडतोय, तोवर वेळ आपल्या हातात आहे. जीभ जड झाली, बोटांनी चेन-बटण जमेना, बोलणं असंबद्ध झालं, तर शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली जात असल्याची ती खूण समजावी. आणि अंग गरम न होताच थरथर थांबली, तर ती सुधारणा नव्हे, धोक्याची घंटा आहे. अशा वेळी माणसाला एकटं सोडायचं नाही, चालवायचं नाही, हातपाय जोरजोरात चोळायचे नाहीत. ओले कपडे काढायचे, खाली जाड घालायचं, वर गुंडाळायचं, आणि मदत बोलवायची. 'सकाळपर्यंत बघू' म्हणायचं नाही. मी आणखी अर्धा तास तसं म्हणालो असतो तर, हा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

घरी आणलेली बॅग कशी ठेवायची, हे पिंजाऱ्याच्या घरात सांगायला लागू नये. कोंबून ठेवायची नाही. मोठ्या सैल पिशवीत किंवा खुंटीला टांगून ठेवायची, प्रवासातून आल्यावर हवेशीर जागी वाळवायची. विकत किंवा भाड्यानं घेताना ती पिशवीतून बाहेर काढून घटकाभर पसरून ठेवा. फुगून आली तर घ्या. मधे मधे भरण सरकून पोकळ जागा झाल्या असतील, तर पट्टीवर काहीही लिहिलेलं असो, परत करा. कळसूबाईसारख्या ठिकाणी हलकी बॅगही चालते, पण खालची मॅट तिथेही हवीच. कातळ काही बर्फापेक्षा फार दयाळू नसतो.

या सगळ्याचा ट्रेकशी संबंध नसलेला एक शेवट आहे. आम्ही काही मित्र दर वर्षी डिसेंबरात ब्लँकेटं वाटतो. बसस्थानकावर झोपणारी माणसं, कारखान्यांभोवती कोप्या टाकून राहिलेले ऊसतोड मजूर. केदारकांठाहून आलो त्याच महिन्यात आम्ही एका उसाच्या फडावर गेलो होतो. वाटून झाल्यावर मी वळून बघितलं. एका बाईनं नवं कोरं ब्लँकेट घडी घालून ओलसर भुईवर अंथरलं आणि त्यावर आपलं तान्हं मूल निजवलं. आमच्यातला एक जण म्हणाला, "बाई, ते पांघरायला दिलंय." ती म्हणाली, "वरनं लुगडं हाय की, दादा. खालून भुई चावती."

त्या वर्षापासून आम्ही ब्लँकेटाबरोबर खाली घालायला जाड सतरंजी किंवा फोमची पट्टी देतो. काहीच जमलं नाही, तर किराणा दुकानातून कोरे पुठ्ठे मागून आणतो. पुठ्ठ्याच्या नागमोडी पदरांतही हवाच कोंडलेली असते.

तस्नीम आता पुण्यात नोकरी करते आणि दर हिवाळ्यात कुठल्या तरी डोंगरावर जाते. निघण्यापूर्वी फोन करते. मी तिला आता बॅगेचा आकडा विचारत नाही. विचारतो, "खाली काय घेतलंयस?"